जुन्या लुगड्यांची गोधडी



घरच्या घरीं करावयाच्या कलाकौशल्याविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे कागदाचीं फुलें, मण्यांचीं तोरणें, भरतकामाचे रुमाल याच गोष्टी प्रथम डोळ्यांपुढें येतात. त्या सुंदर आहेत. त्यांना नांवें ठेवण्याचा माझा मुळींच विचार नाहीं. परंतु आज मी ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें, ती दिवाणखान्यांत मांडून ठेवण्याची नव्हे. ती दिवसा घडी होऊन फडताळांत जाते आणि रात्रीं पायांवर येते. पाहुणे आले म्हणजे आपण ती दृष्टीआड करतों, आणि तेच पाहुणे मुक्कामाला राहिले म्हणजे तीच काढून त्यांना पांघरावयास देतों. ही वस्तु म्हणजे गोधडी. कोल्हापुराकडे हिलाच वाकळ म्हणतात.

गोधडीसाठीं विकत आणावें लागतें तें फारच थोडें : सुई, दोरा, आणि फार तर बोटांत घालावयाचें अंगुस्तान. बाकीचें सामान घरचेंच असावें लागतें. कारण गोधडीला कापड हवें तें वापरून वापरून आणि धुवून धुवून मऊ झालेलें. बाजारांत सर्व कांहीं मिळतें, पण वीस वर्षें अंगावर वागविलेलें लुगडें मिळत नाहीं.

मी स्वतः ही कला हौसेनें शिकलें असें सांगितलें तर तें खरें होणार नाहीं. माझी आई वारली तेव्हां तिच्या पेटींत सात सुती नऊवारी लुगडीं निघालीं. माझें म्हणणें पडलें कीं यांच्या गोधड्या कराव्या. आईनें जन्मभर तेंच केलें होतें. माझी थोरली बहीण मात्र ऐकेना. "आईचें लुगडें तूं कापणार?" एवढाच तिचा प्रश्न होता, आणि त्याला देण्यासारखें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. पेटी ताईच्या घरीं गेली, तिला कुलूप लागलें, आणि तो विषय आम्हां बहिणींच्या बोलण्यांतून गेला. त्याच्याबरोबर इतरही पुष्कळसें बोलणें गेलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

तीन वर्षांनीं ताईनेंच मला बोलावून घेतलें. पेटी उघडी होती. ज्या लुगड्यांना खळ तशीच राहिली होती त्यांना कसर लागली होती, आणि एक लुगडें तर उलगडतां उलगडतां घडीच्या रेषेवरच विरलें. ताई म्हणाली, "जशीं ठेवलीं तशीं राहिलीं नाहींत ग." मग बराच वेळ आम्ही दोघीही गप्प बसलों. निघतांना तिनें पेटी माझ्या हवालीं केली.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. पहिलें काम निवडीचें. लुगडीं स्वच्छ धुवून त्यांतली खळ पार काढावी आणि कोरडीं झालीं म्हणजे एकेक लुगडें खिडकीच्या उजेडांत धरून पाहावें. लुगडें सर्वत्र सारखें विरत नाहीं. बसण्याचा भाग व कासोटा आधीं झिजतो. कांठ आणि पदर शेवटपर्यंत तग धरतात. उजेड जेथून फारसा गळत नाहीं असा भाग गोधडीच्या वरच्या व खालच्या अंगाला घ्यावा. विरविरीत झालेला भाग आंत घालावा. तो तेथें चांगलाच उपयोगीं पडतो. परंतु दोन्ही हातांनीं हलकेंच ओढतांच जो सुटून येतो, त्या भागाचा मोह मात्र सोडावा. तो फक्त हात पुसावयाचा.

दुसरी गोष्ट अशी कीं, कापड कापूं नये, फाडावें. कडेला कात्रीनें बोटभर चीर द्यावी आणि दोन्ही हातांनीं सरळ फाडीत जावें, म्हणजे कापड धाग्याच्या रेषेंत फाटतें आणि तुकडा आपोआप काटकोनांत येतो. कात्रीनें कापलेला तुकडा डोळ्यांना सरळ दिसला तरी धाग्याला तिरपा असूं शकतो, आणि मग धुतल्यावर सगळी गोधडी एका कोंपऱ्याकडे खेंचली जाते. हें शास्त्र झालें. पण सुती कापड फाटतांना जो आवाज होतो, त्याविषयीं शास्त्रांत कांहीं सांगितलेलें नाहीं. मी पहिलें लुगडें फाडलें तेव्हां ताई माझ्याकडे आलेली होती. तो आवाज ऐकतांच ती उठून स्वयंपाकघरांत गेली आणि चहाचें निमित्त करून अर्धा तास तिकडेच राहिली.

तिसरें काम अंथरण्याचें. झाडून पुसून घेतलेल्या जमिनीवर खालचा पदर पसरावा, त्यावर आंतले दोन किंवा तीन पदर, आणि सर्वांवर वरचा. प्रत्येक पदर मध्यापासून कडेकडे हातानें निपटीत न्यावा; एक सुरकुती आंत राहिली तर ती जन्माची राहते. चार कोंपऱ्यांवर पाण्यानें भरलेले तांबे ठेवून आडवे-उभे लांब कच्चे टांके घालावे. हे टांके पुढें काढून टाकावयाचे असल्यामुळें ते कसेही पडले तरी चालतात. मग कडा आंत दुमडून घेऊन शिवावयास लागावें. आमच्या घरची रीत अशी कीं, कडेपासून सुरुवात करून चारही बाजूंनीं फिरत फिरत मध्याकडे यावयाचें. टांका साध्या धांवदोऱ्याचा, आणि एका ओळीपासून दुसरी ओळ इंचभर अंतरावर.

हें अंतर वाढवूं नये, यांतच गोधडीचें मर्म आहे. एकेक पदर सुटा घेतला तर बोटानें फाटेल असा असतो. परंतु इंचाइंचावर ते एकमेकांना धरून ठेवले म्हणजे ओढ एका पदरावर न येतां सर्वांवर वांटली जाते. आणि एखादा फाटलाच तर ती चीर एका ओळीपासून दुसरीपर्यंत जाऊन थांबते. पदरांच्या मध्यें जी हवा कोंडली जाते तीच आपली ऊब राखते. म्हणजे जीर्ण कापडाला बळ देणारी वस्तु कोणती, तर टांका. वरची नक्षी मग आपोआपच उमटते.

किती टांके म्हणाल, तर हिशेब सोपा आहे. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद गोधडी घेतली, आणि ओळी इंचाइंचावर ठेवल्या, तर दोऱ्याची एकूण वाट होते ३,८८८ इंच, म्हणजे बरोबर १०८ वार. नऊवारी लुगडीं एकापुढें एक बारा पसरलीं तर जेवढी लांबी होईल तेवढी! इंचाला तीन टांके धरले तर अकरा हजार सहाशें चौसष्ट टांके होतात. जपमाळेचे मणीही १०८ असतात हें माझ्या ध्यानांत आलें. पण जपाचें पुण्य मला या कामांत मिळालें असेल असें वाटत नाहीं, कारण दोरा तुटला म्हणजे तोंडून जे शब्द जातात ते नामस्मरणांत बसणारे नव्हत.

आतां माझी चूक सांगतें, कारण ती ऐकून आपली एखादी गोधडी वांचेल. पहिली गोधडी बळकट व्हावी म्हणून मीं खालच्या अंगाला दुकानांतून आणलेलें नवें तांबडें सुती कापड लावलें, आणि तें धुवून घेतलें नाहीं. महिनाभर खपून गोधडी पुरी केली; फार देखणी दिसत होती. पहिल्या धुण्यालाच नवें कापड आटलें. जुनें कापड कधींच आटून चुकलेलें होतें, तें कांहीं आटेना. परिणाम असा झाला कीं, सगळी गोधडी चुणून गेली, जुन्या कापडावर ओढ आली आणि टांक्यांच्या भोंकांपाशीं तें जागोजागीं फाटलें. शिवाय तांबडा रंग सुटून वरच्या फिकट निळ्या लुगड्यावर डाग पडले ते वेगळेच. त्या निळ्या लुगड्यांत आईला पाहिल्याचें मला चांगलें आठवतें. तीन वर्षें पेटींत जेवढें बिघडलें नव्हतें, तेवढें मीं एका सकाळीं बिघडविलें.

ताईला हें सांगावें कीं सांगूं नये, या विचारांत दोन दिवस गेले. शेवटीं सांगितलें. ती आली, गोधडी मांडीवर घेऊन उलटसुलट करून पाहिली, आणि रागावेल असें मला वाटत असतांना म्हणाली, "नवें कापड आई कधींच घालीत नसे. घालावेंच लागलें तर आधीं पावसाळाभर वापरून, मगच. तूं तेव्हां शाळेंत असायचीस, तुला कसें ठाऊक असणार?" दुपारीं आईच्या शेजारीं बसून दोरा ओंवून द्यावयाचें काम ताईचें होतें, ही गोष्ट मी साफ विसरून गेलें होतें. ज्या ताईला मी विरोधक समजत होतें, तिच्या हातांतच ती विद्या होती. आणि मी तिला विचारलें मात्र कधींच नव्हतें. ती गोधडी आम्ही दोघींनीं मिळून उसवली. पांच संध्याकाळ लागल्या. आणि त्या पांच संध्याकाळींत तीन वर्षांचें राहिलेलें बोलणें होऊन गेलें.

जुन्या वस्त्रांना पुन्हां एकत्र शिवण्याची ही चाल आपल्याच प्रांतापुरती नाहीं. बंगालांत, पूर्वेकडील आणि पश्चिमेकडीलही, हिला कांथा म्हणतात. तेथें जुन्या साड्यांचे पदर एकावर एक ठेवून, कांठांतूनच उसवून काढलेल्या रंगीत दोऱ्यांनीं त्यांवर कमळें, हत्ती आणि पालख्या उमटवीत. कलेच्या अभ्यासक स्टेला क्राम्रिश यांनीं १९३९ सालीं कांथेवर स्वतंत्र लेख लिहिला. बिहारांत नव्या बाळासाठीं सुजनी शिवतात. उत्तर कानडा जिल्ह्याच्या जंगलांत राहणाऱ्या सिद्दी लोकांच्या बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आले, कवंदी शिवतात. आमच्या घरच्यासारखीच कडेकडून मध्याकडे. चारही कोंपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांचें एकेक 'फूल' बसविल्यावांचून ती पुरी झाली असें त्या मानीत नाहींत. आणि संतांच्या या भूमींत गाडगेबाबांचें (१८७६–१९५६) स्मरण झालें कीं हातांतल्या गाडग्याबरोबर अंगावरचें चिंध्यांचें वस्त्रही आठवावेंच लागतें.

परंतु मला सर्वांत जवळची वाटली ती एक दूरची हकीकत. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत गीज बेंड नांवाचें कृष्णवर्णीयांचें एक लहान खेडें आहे. तेथील मिसूरी पेटवे नांवाच्या बाईनें १९४२ सालीं आपला पति निवर्तल्यावर त्याचे शेतावर वापरावयाचे कपडे फाडून त्यांची एक गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेऊन निजतां यावें, एवढाच तिचा हेतु होता. त्या गांवच्या गोधड्या पुढें २००२ मध्यें ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि मोठमोठ्या चित्रकारांच्या कृतींशीं लोक त्यांची तुलना करूं लागले. ताईनें मला जो प्रश्न विचारला होता, त्याचें उत्तर या बाईनें कितीतरी आधीं देऊन ठेवलें होतें. फाडणें आणि टाकणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपणांपैकीं ज्यांना हें करून पाहण्याची इच्छा होईल त्यांनीं एकदम मोठ्या गोधडीला हात घालूं नये. तान्ह्या बाळाचें दुपटें घ्यावें. तीन फूट लांब, अडीच फूट रुंद, पदर तीनच. त्याला दोऱ्याची वाट अवघी तीस वार पडते. रोज दोन वार शिवलें तर पंधरवड्यांत काम पुरें होतें. कापड मात्र सुतीच पाहावें. हल्लीं घरोघर ज्या कृत्रिम धाग्याच्या साड्या असतात त्या या कामाला निरुपयोगी. त्या घाम शोषीत नाहींत, सुईखालून निसटतात आणि वर्षानुवर्षें धुतल्या तरी सुतासारख्या मऊ होत नाहींत. म्हणून घरांत आजीचें, आईचें एखादें सुती लुगडें, वडिलांचें धोतर, मुलांचे जुने सदरे असतील तर ते भांडीवालीच्या हवालीं करण्यापूर्वीं एकदां उजेडांत धरून पाहावे. आणि ज्यांच्या घरीं गोधडी शिवणारी वडीलधारी बाई आहे, त्यांनीं सुईआधीं तिच्याकडे जावें. मी नेमकें तेंच केलें नव्हतें.

आमची ती गोधडी अखेर तयार झाली. खालच्या अंगाला आतां आईचेंच दुसरें एक लुगडें आहे, आणि तांबडे डाग निळ्यावर अजून दिसतात. तुकडे लावून ते झांकावेत असें मीं सुचविलें, ताईनें नको म्हटलें. माझे टांके बारीक आणि थोडे वांकडे आहेत, ताईचे लांब पण सुतासारखे सरळ. त्यामुळें कोणती ओळ कोणाची हें अंधारांतही बोटानें ओळखतां येतें. थंडीचे दोन महिने ती माझ्याकडे असते आणि दोन महिने ताईकडे. यंदा ती आणावयास मी गेलें, तेव्हां ताईनें दोन दिवस थांबावयास सांगितलें. एका कोंपऱ्यावरचे टांके सुटले होते, ते तिला घालावयाचे होते.