‘कंपनीशाही’ या शब्दाचा नेमका अर्थ

(सीताबर्डी, नागपूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभांमधून आणि पत्रकांमधून ‘कंपनीशाही’ हा शब्द अलीकडे सर्रास वापरला जातो. कारखान्यात कामगारकपात झाली की कंपनीशाही, बियाण्यांचे भाव चढले की कंपनीशाही. जो शब्द प्रत्येक अन्यायाला लावता येतो, तो कोणत्याच अन्यायाचे नेमके कारण सांगू शकत नाही. म्हणून त्याचा अर्थ निश्चित करणे हे चळवळीचेच काम आहे.

लोकशाही, हुकूमशाही, नोकरशाही या शब्दांतील ‘शाही’ हा प्रत्यय सत्ता कोणाच्या हाती आहे ते सांगतो. भांडवलशाहीत उत्पादनाची साधने खाजगी मालकीची असतात आणि नफा ही उत्पादनाची प्रेरणा असते. कंपनीशाही ही याहून वेगळी गोष्ट आहे. कर बसविणे, कायदा करणे, सार्वजनिक तिजोरीतून हमी देणे, शस्त्रबळ वापरणे हे अधिकार शासनसंस्थेचे असतात. ते भागधारकांच्या नफ्यासाठी राबू लागले आणि जनतेला त्यांचा जाब विचारता येईनासा झाला, म्हणजे कंपनीशाही आली. मुसोलिनीच्या इटलीतील ‘कॉर्पोरेट राज्या’शी तिची गल्लत करू नये. तेथे मालक आणि कामगार यांची धंदेवार मंडळे राज्यसत्तेच्या दावणीला बांधलेली होती. येथे राज्यसत्ताच कंपनीच्या दावणीला जाते.

या शब्दाचा मूळ अनुभव नागपूरला परका नाही. मराठीत ‘कंपनी सरकार’ हा शब्दप्रयोग पूर्वीपासून रूढ आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याशी जी फौज लढली, ती एका व्यापारी कंपनीची होती. १८१३ साली कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातील मक्तेदारी गेली. १८३३ च्या कायद्याने तिचा उरलेला व्यापारही बंद झाला. भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश मात्र कायम राहिला आणि त्याचा बोजा हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्यात आला. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तेव्हा ही कंपनी एक रुपयाचाही व्यापार करीत नव्हती. शेतकऱ्याचा सारा हाच तिच्या भागधारकांच्या उत्पन्नाचा मुख्य झरा होता. राज्य खालसा करण्याच्या टिपणात डलहौसीने या मुलखातील कापसाचे महत्त्व इंग्लंडच्या हिताच्या दृष्टीने सांगितले होते. कंपनीशाहीचे याहून निखळ उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

ही कंपनी १८७४ साली विसर्जित झाली. त्याच साली जमशेटजी टाटांनी सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात तिची एम्प्रेस मिल सुरू झाली. ही भांडवलशाही होती. मजुरी आणि कामाचे तास यांवरून मालकाशी झगडा होता; पण साऱ्याची वसुली आणि न्यायदान गिरणीकडे नव्हते. हा भेद विसरला तर लढ्याचे ठिकाणच चुकते.

आजच्या कंपनीला किल्ला जिंकावा लागत नाही. करार पुरतो. एन्रॉनशी जून १९९२ मध्ये निविदा न मागविता सामंजस्य करार झाला. दाभोळची वीज घेतली नाही तरी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने स्थिर आकार द्यावयाचा, दर डॉलरशी निगडित ठेवावयाचा, राज्याने हमी द्यावयाची आणि तिच्यामागे केंद्राने प्रतिहमी उभी करावयाची, अशी ती रचना होती. मृणाल गोरे आदींनी तिला विरोध केला. १९९५ मध्ये रद्द झालेला करार १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर परत आला आणि तेरा दिवसांच्या केंद्र सरकारनेही प्रतिहमीला मंजुरी दिली. १९९९ मध्ये सुरू झालेले वीजकेंद्र २००१ मध्ये बंद पडले. त्याच वर्षअखेरीस एन्रॉनचे दिवाळे निघाले. धोका पत्करणे हे भांडवलाच्या नफ्याचे समर्थन मानले जाते. येथे नफा कंपनीचा आणि धोका जनतेचा, अशी वाटणी सरकारने स्वतःच्या सहीने करून दिली होती.

दुसरा मार्ग पक्षनिधीचा. राजकीय देणगीवर कंपनीच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. ती २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यानंतर निवडणूक रोख्यांमुळे देणगीदाराचे नावही मतदारापासून लपले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी या दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरविल्या. कायदा कोणाच्या पैशावर घडतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क त्या निकालाने मान्य केला.

ही कसोटी नागपूरच्या पाण्यालाही लावली पाहिजे. २०१२ पासून शहराचा पाणीपुरवठा पंचवीस वर्षांच्या करारान्वये खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आला. नळावर कंपनीचा माणूस आला एवढ्यावरून तिला कंपनीशाही म्हणणे घाईचे होईल, कारण मालमत्ता आणि दर ठरविण्याचा अधिकार महानगरपालिकेकडे ठेवण्यात आला होता. खरे प्रश्न पुढचे आहेत. दराचा निर्णय सभागृहात उघड चर्चेने होतो काय? तोटा आला तर तो कोणाच्या माथी बसतो? करार आणि त्याचे हिशेब वस्तीतल्या बाईला पाहता येतात काय? खाजगी कंपनी माहिती अधिकाराच्या कायद्याखाली थेट येत नसेल, तर ती माहिती महापालिकेकडून मागता येते; २००५ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. तिचा उपयोग कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

सरकारी मालकी आली म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो, या भ्रमातही राहू नये. एन्रॉनच्या करारावर सही सरकारी मंडळाचीच होती. नियम कोण करतो, तोटा कोण सोसतो आणि जाब कोणाला द्यावा लागतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत आणि मगच पत्रकात ‘कंपनीशाही’ हा शब्द लिहावा. तशी तयारी असेल, तर तो शब्द उच्चारताच समोरच्याला उत्तर द्यावे लागेल.