एलिस बेटावरची ॲनी मूर



मूळपुरुषाची कथा ज्या घरांत सांगितली जात नाहीं, असें घर आपल्याकडे विरळाच. आयर्लंडांतून अमेरिकेस गेलेल्यांच्या घरींही तोच प्रकार आहे. त्यांतील एका मुलीची हकीकत आज सांगतों.

१ जानेवारी १८९२ रोजीं न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावर परदेशांतून येणाऱ्यांच्या नोंदणीचें नवें ठाणें उघडलें. तेथें पहिलें नांव लागलें ॲनी मूर हिचें. कॉर्क परगण्यांतील ही मुलगी दोघां धाकट्या भावांसह ‘नेव्हाडा’ आगबोटीनें आली होती. आईबाप आधींच न्यूयॉर्कांत होते. अधिकाऱ्यानें तिच्या हातावर दहा डॉलरचें सोन्याचें नाणें ठेवलें. वर्तमानपत्रांनीं तिला पंधरा वर्षांची ठरविलें. वस्तुतः ती सतरा वर्षांची होती.

पुढें ती कोठें गेली? टेक्सासमधील एक घराणें सांगे कीं, ती आमचीच. इकडे पश्चिमेस आली, संसार केला आणि १९२३ सालीं ट्रामखालीं सांपडून वारली. लोकांनीं हें मानलें. त्या वंशजांना समारंभांचीं मानाचीं बोलावणीं येऊं लागलीं. त्यांना कोणीं लबाड म्हणूं नये. नांव तेंच, आणि सांगणारीं घरचीं वडील माणसें. त्यांच्याकडे दाखला कोण मागतो? मीं जन्मभर मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या, परंतु आजीच्या गोष्टीला सन विचारण्याचें धैर्य मला कधीं झालें नाहीं.

तें धैर्य मेगन स्मोलेनयाक या वंशावळी-संशोधिकेनें केलें. टेक्सासची ॲनी आयर्लंडांत जन्मलीच नव्हती. तिचा जन्म इलिनॉयमधला! मग खरी ॲनी कोठें? तिच्या भावाच्या नागरिकत्वाच्या कागदांवरून माग लागला आणि २००६ सालीं उलगडा झाला. ॲनी न्यूयॉर्क सोडून कोठेंच गेली नव्हती. तेथल्याच गरिबांच्या दाट वस्तींत राहून तिनें बेकरींतील एका जर्मन वंशाच्या कारकुनाशीं लग्न केलें. दहा-अकरा मुलें झालीं. त्यांपैकीं निम्मीं देखील हातीं लागलीं नाहींत. १९२४ सालीं, पन्नास वर्षांची असतांना, ती हृदयविकारानें गेली. समारंभांत सांगण्याजोगें यांत कांहींच नाहीं.

१९९३ सालीं एलिस बेटावर आणि आयर्लंडांतील कोव्ह बंदरांत तिचे पुतळे उभे राहिले, तेव्हां क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमींत तिच्या थडग्यावर नांवाचा साधा दगडही नव्हता. आयर्लंडच्या चुनखडी दगडाचा क्रूस तेथें बसविला गेला, तो २००८ सालीं.