मागे उरणारी खूण
(हीरक महोत्सवी विज्ञान व्याख्यानमालेतील भाषण)



माझ्या अध्यापनाचा विषय भाषा. तरीही आज यंत्रमानवांविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. ज्या यंत्रांविषयी मी बोलणार आहे, ती एकमेकांशी एक अक्षरही बोलत नाहीत आणि तरीही मिळून काम तडीस नेतात. बोलण्यावाचून सहकार्य कसे घडते, याचे कुतूहल भाषेच्या शिक्षिकेला वाटणे स्वाभाविकच नव्हे काय?

या प्रश्नाचा माग आपल्याला वारुळापर्यंत नेतो. तिथे मुकादम नाही, कोणाच्या हाती आराखडा नाही. मग एवढी रचना उभी कशी राहते? पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९५९ साली याचे उत्तर मांडले. एका वाळवीने ठेवलेली मातीची गोळी हीच दुसरीला मिळालेली सूचना असते. झालेले कामच पुढच्या कामाला चालना देते. ‘खूण’ आणि ‘काम’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने या प्रक्रियेला ‘स्टिग्मर्जी’ असे नाव दिले. माळावरची पायवाट अशीच पडते. ती कोणी आखत नाही. पहिल्याच्या पावलांनी दबलेले गवत दुसऱ्याला वाट दाखवते.

१९९४ साली बेकर्स, हॉलंड आणि देनुबूर या संशोधकांनी हे तत्त्व यंत्रांवर पडताळून पाहिले. जमिनीवर ८१ चकत्या विखुरल्या आणि त्यांच्यात छोटे यंत्रमानव सोडले. त्यांचा नियम साधा होता. वाटेत आलेली चकती ढकलत न्यायची. तीन किंवा अधिक चकत्यांचा भार जाणवला, की त्या तिथेच सोडून मागे सरायचे आणि दुसरीकडे वळायचे. प्रथम लहान लहान ढीग झाले, मोठे ढीग वाढत गेले आणि अखेरीस सर्व चकत्या एका जागी जमल्या. ‘एकच ढीग करा’ असे मात्र कोणत्याही यंत्राला सांगितलेले नव्हते.

पुढे २०१४ साली हार्वर्ड विद्यापीठातील जस्टिन वेर्फेल, कर्स्टिन पीटरसन आणि अमृतसरमध्ये वाढलेल्या राधिका नागपाल यांनी वाळवीपासून स्फूर्ती घेऊन बांधकाम करणारे यंत्रमानव सिद्ध केले. हवी ती वास्तू माणसाने सांगायची; तिच्यावरून संगणक वाटचालीचे नियम आधीच ठरवून देतो. त्यानंतर प्रत्येक यंत्र केवळ आपल्या भोवतीच्या विटा पाहते आणि पुढची वीट कोठे ठेवायची ते ठरवते. एखादे यंत्र बंद पडले तरी काम अडत नाही, कारण कामाची स्मृती कोणा एकाजवळ नसून त्या बांधकामातच साठलेली असते.

परंतु खुणेवर विसंबण्यात धोकाही आहे. मुंग्या चालताना गंधाची रेघ सोडतात. वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये एक आखूड व एक लांब असे दोन पूल एकाच वेळी ठेवले, तर आखूड पुलावरून ये-जा लवकर होते, तिथला गंध लवकर दाट होतो आणि बहुतेक मुंग्या त्याच वाटेला लागतात. मात्र आधी लांब पूल एकटाच ठेवून आखूड पूल मागाहून जोडला, तेव्हा अर्जेंटिना जातीच्या मुंग्या लांबच्या वाटेलाच धरून राहिल्या. जुना गंध इतका दाट होता, की नवी, सोयीची वाट दिसूनही दिसली नाही. मार्को दोरिगो यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी मुंग्यांच्या या रीतीवरून संगणकासाठी जी पद्धत रचली, तिच्यात म्हणूनच खूण हळूहळू विरून जाण्याची तरतूद आहे. विरणे हाही शिकण्याचाच भाग आहे.

मित्रहो, साठ वर्षांची शाळा म्हणजे खुणांचा केवढा संचय! आपल्या संस्थापकांना आजच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले नाही. तरी त्यांनी जिथे वीट ठेवली, तिथूनच आपण पुढची ठेवतो. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवताना या तत्त्वाच्या दोन्ही बाजू ध्यानात ठेवणे मला अगत्याचे वाटते. आपल्या मुलांच्या कानांवर उंबऱ्याबाहेर पडताच दुसरी भाषा पडते. इथे मराठी ही रोज नव्याने उमटवावी लागणारी खूण आहे. एका पिढीने ती उमटवली नाही, तर पुढच्या पिढीला वाट सापडणार नाही. उलट, उत्तरे सांगून लिहून घेण्याची रीत, किंवा ‘पूर्वीपासून असेच चालत आले आहे’ एवढ्याच आधारावर टिकलेले नियम, यांचा गंध विरू द्यायला हवा. दोन्हींना सरसकट ‘परंपरा’ म्हणून कवटाळणे म्हणजे लांबच्या पुलावरून चालत राहणेच होय.

काय जपावे आणि काय विरू द्यावे, हे यंत्राला कळत नाही. त्याचा नियम दुसऱ्याने घालून दिलेला असतो. आपल्याला मात्र थांबून ‘ही वाट कोठे जाते?’ असे विचारता येते. विद्यार्थ्यांनो, हा प्रश्न विचारण्याची सवय तुम्हाला लागावी, यासाठीच ही शाळा आहे. विचारपूर्वक चाला आणि मागून येणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी खूण ठेवून जा.