लिस्बनच्या टेकडीवर तारापूर आठवलं



मी बोईसरचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झालो. मुलगा कामानिमित्त पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला असतो. "बाबा, एकदा या तरी," असा त्याचा आग्रह होता. म्हणून २०१८ साली सौ. आणि मी निघालो. त्या प्रवासाविषयी आज बोलायचं आहे. पण सुरुवात तारापूरपासूनच करायला हवी.

तारापूरचं नाव काढलं की लोकांना अणुवीज केंद्र आठवतं. तिथं एक किल्ला आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. पोर्तुगीजांच्या ताब्यात वसईपासून दमणपर्यंतची किनारपट्टी होती. तिच्यावर केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी ठाण्यांची साखळीच होती. तारापूरच्या तटातून वड-पिंपळ उगवलेले पाहून मी एकदा शेजारच्या काकांना म्हटलं, "ही झाडं काढायला हवीत, नाही तर तट ढासळेल." काका म्हणाले, "ढासळू दे की. फिरंग्यांचा किल्ला तो. आपलं काय जातंय?" मला त्यावर उत्तर सुचलं नाही.

लिस्बन हे सात टेकड्यांचं शहर. तेजो नदी जिथं समुद्राला मिळते, तिथं ते वसलेलं आहे. चढउताराच्या अरुंद गल्ल्यांतून पिवळी ट्राम खडखडत जाते. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, तिची हौस आम्ही इथं भागवून घेतली. भाषेचं मात्र मला दडपण होतं. पण बाजारात गेलो तर बटाट्याला तिथं 'बटाटा'च म्हणतात! बेकरीत मी 'पाव' म्हटलं आणि दुकानदारानं पाव काढून दिला. चावी, बालदी, फीत, लिलाव हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेले. एका दुकानाशी तर सौ. थबकल्याच. खारवून सुकवलेल्या कॉड माशाच्या थप्प्या तिथं लागल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, डोळे मिटले तर सातपाटीला आल्यासारखं वाटतं!"

दुसऱ्या दिवशी बेलेमला गेलो. नदीच्या काठावर, पाण्यातच उभारलेला तिथला बुरूज सोळाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. तो पाहताना मला आपला केळव्याचा पाणकोट आठवला. भरतीच्या वेळी तोही असाच चहूबाजूंनी पाण्यात उभा असतो. बेलेमच्या बुरुजापुढं मात्र तिकिटासाठी रांग होती. जवळच्या मठात वास्को द गामाची कबर आहे. नदीकाठी १९६० साली उभारलेलं दर्यावर्दी लोकांचं प्रचंड स्मारक आहे आणि त्याच्यापुढं फरशीवर जगाचा नकाशा आहे. त्यांची गलबतं कोणत्या साली कुठं पोचली, ते त्यावर कोरलंय. खरं सांगतो, ते वाचून मन थोडं कडवट झालं. ती गलबतं जिथं पोचली, तिथल्या माणसांचं पुढं काय झालं, हे त्या फरशीवर कुठंच नाही.

पण मला उत्तर मिळालं ते तिसऱ्या दिवशी, सेंट जॉर्जच्या किल्ल्यावर. शहराच्या डोक्यावर हा किल्ला आहे. मुलानं माहिती वाचून दाखवली आणि मी चकितच झालो. हा किल्ला मुळात पोर्तुगीजांचा नाहीच! तो बांधला मूर लोकांनी, म्हणजे तिथल्या मुसलमान राज्यकर्त्यांनी. ११४७ साली पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स यानं काही महिने वेढा घालून तो जिंकला. खालच्या वस्तीचं 'अल्फामा' हे नावही अरबीच. किल्ल्यात उत्खनन करून त्या मूर वस्तीतल्या घरांचे अवशेष मोकळे केलेत आणि लोकांना नीट दाखवतात. तटबंदीची मोठी डागडुजी १९३८ ते १९४० या काळात झाली. ज्यांच्याशी लढले, त्यांचाच किल्ला आज ते आपल्या शहराचा मानबिंदू म्हणून मिरवतात. 'परक्यांचा आहे, पडू दे,' असं म्हणत नाहीत. तो जिंकला म्हणून तर तो त्यांचा!

मग तारापूर कुणाचं? जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव घेतल्यावर मराठी फौजेनं तारापूरला वेढा घातला. सुरुंगांनी तट फोडला, हातघाईची लढाई झाली. आतले पोर्तुगीजही शर्थीनं लढले. बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार तिथंच पडला. त्याच्याबरोबर किती साधे शिपाई गेले असतील! त्यानंतर मे महिन्यात वसई पडली आणि या किनाऱ्यावरची सुमारे दोनशे वर्षांची फिरंगी सत्ता संपली. वसईच्या विजयाची साक्ष म्हणून आपण नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा कौतुकानं दाखवतो. मग ज्या तटाखाली आपली माणसं पडली, तो तट परका कसा?

आणि तो बांधला तरी कुणी? हुकूम फिरंग्यांचा असेल. पण दगड घडवणारे, चुना मळणारे, डोक्यावरून पाट्या वाहणारे हात याच किनाऱ्यावरचे होते. त्यांची नावं कुठंही लिहिलेली नाहीत. तो तट हीच त्यांची सही.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी रिक्षा करून तारापूरला गेलो. बरोबर काकांनाही घेतलं. तटाशी उभं राहून त्यांना लिस्बनचा किल्ला सांगितला, बाजी भिवराव सांगितला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पिंपळाच्या एका रोपाकडं बोट दाखवून म्हणाले, "हे उपटलं तर मूळ आतच राहील. जाणता माणूस बोलवायला हवा."

श्रोतेहो, मला एवढंच हवं होतं. लिस्बनला जाणं सगळ्यांना जमणार नाही, जमायलाच हवं असंही नाही. पण शिरगावचा देखणा किल्ला, केळव्याचा पाणकोट, तारापूरचा तट आपल्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहेत. आपल्या शाळांच्या सहली दूरदूर जातात. एखादी सहल इथंही न्यावी. पोरांना तटाला हात लावू द्यावा आणि सांगावं, की हा आपल्या माणसांनी बांधला, आपल्याच माणसांनी जिंकला आणि सांभाळायचाही आपणच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)