आपल्याच माणसांना खरं सांगताना

आम्ही मूर्तिजापूरच्या बचत गटातल्या बाया बोलत आहोत. आमच्यात निम्म्या ख्रिस्ती मंडळीतल्या, बाकीच्या बौद्ध, कुणबी, माळी अशा घरांतल्या. ख्रिस्ती शिकवण घरात आणि गावात कशी पाळायची, यावर बोला असं आम्हाला सांगितलं आहे.

रविवारची उपासना, दशमांश, आजारी माणसाच्या घरी डबा पोचवणं, हे आम्हाला जमतं. लोक चांगलंही म्हणतात. जड जातं ते आपल्याच माणसाला "हे बरोबर नाही" म्हणणं. दुसऱ्या आळीतल्या माणसाच्या चुका तर नळावर रोजच मोजल्या जातात.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. संस्कृत शिकलेल्या, लवकर विधवा झालेल्या, 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती आठव्या वर्षीच विधवा झाली होती. 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती हिंदूच राहिली, हे मुद्दाम सांगतो, कारण रमाबाई म्हटलं की लोक आधी धर्मांतराचंच विचारतात. तो वाद त्या वेळीही झाला, पुष्कळ मुली सदनातून काढून नेल्या गेल्या.

पण आम्हाला सांगायची आहे ती 1897 सालची गोष्ट. पुण्यात प्लेग आला. सरकारी माणसं घराघरांत शिरून तपासणी करत, बायांनाही इस्पितळात नेत. तिथे बायांना कसं वागवतात ते रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. राज्य इंग्रजांचं होतं, म्हणजे रमाबाईंच्याच धर्माचं. संस्थेला मदत पाठवणारे लोकही साहेबांच्याच देशांतले. गप्प बसल्या असत्या तर कोणी बोट दाखवलं नसतं. प्रश्न लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेला, गव्हर्नरांनी त्यांचं म्हणणं फेटाळून लावलं. रमाबाई मागे हटल्या नाहीत. आणि त्या नुसत्या लिहून थांबल्या नाहीत. त्याच दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायाच चालवत. हा दुसरा भाग आम्हाला पहिल्याइतकाच मोठा वाटतो. का, ते पुढे येईल.

आमच्या गटात एका बैठकीला अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं, घरदुरुस्ती. सगळ्यांना ठाऊक होतं की घराला काही झालेलं नाही, पोरीचं लग्न ठरलं आहे. पोरगी सोळा वर्षांची. घर आमच्या मंडळीतलंच. ख्रिस्ती घरांत असं होत नाही, असं मानायला आम्हालाही आवडलं असतं.

बाई चांगली. एक हप्ता कधी चुकवला नाही. आमच्यापैकी एकीच्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्यात बसलेली. आणि तिचं कारणही खोटं नव्हतं. सोयाबीन हातचं गेलं होतं, पोरगी बसनं कॉलेजला जायची, येताना स्टँडवर पोरं मागे लागायची. आई म्हणाली, "काही झालं त बोट कोणावर दाखवतील? माह्यावरच ना?" तिला उत्तर देणं सोपं नव्हतं.

एकजण म्हणाली, ठराव वहीत घरदुरुस्ती लिहा, आपल्याला काय करायचं? पैसे परत येतीलच. यावर बराच वेळ बोलणं झालं. वहीवर सह्या आमच्या असतात. ज्या हातानं प्रभूभोजनाचा पेला घ्यायचा, त्याच हातानं ही सही कशी करायची, असं सचिव म्हणाली. बौद्ध मैत्रीण म्हणाली, पेल्याचं राहू द्या, पण खोटं लिहायला मलाही जमणार नाही. कर्ज नामंजूर झालं.

मग दोघी तिच्या घरी गेल्या. कायदा सांगितला. मुलीला 18, मुलाला 21 पूर्ण हवीत. लग्न ठरवणारे, लावणारे, सगळेच त्यात अडकतात. पाळकसाहेबांनाही भेटलो. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहिल्याशिवाय लग्नाची सूचना उपासनेत वाचणार नाही, असं त्यांनी घरच्यांना सांगितलं. लग्न पुढे गेलं. भांडण झालंच. आमच्या तोंडावर दार लागलं, "आमची अब्रू तुम्ही चव्हाट्यावर आणली" हेही ऐकून घेतलं. ती बाई बैठकीला येईनाशी झाली. त्या दोघींशी ती अजून बोलत नाही. तिचं बचतीचं खातं मात्र आम्ही बंद केलेलं नाही.

लग्न थांबवलं म्हणजे काम झालं असं नाही. स्टँडवरची पोरं तिथेच होती. म्हणून आता त्या गावच्या चार मुली एकाच बसनं जातात, आणि संध्याकाळी गटातली एकजण पाळीपाळीनं स्टँडवर थांबते. आगार व्यवस्थापकांना आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. पोरगी बारावीला बसली आहे.

लग्नाच्या कर्जाबद्दलही गटात बोलणं निघालं. आपल्या तालुक्यातल्या दापुऱ्याला लहानाचे मोठे झालेले गाडगेबाबा जन्मभर हेच सांगत फिरले, कर्ज काढून सण-लग्नं करू नका, पोरांना शिकवा. त्यांची जयंती आपण थाटात करतो आणि लग्नाला सावकाराकडे जातो. असो.

तुमच्या गावात असं लग्न ठरल्याचं कळलं तर आधी घरी जाऊन बोला, एकटी जाऊ नका. ऐकलं नाही तर गावात बालविवाह थांबवण्याचा अधिकार ग्रामसेवकाला आहे, अंगणवाडीताईंनाही सांगता येतं. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, फोनला पैसे लागत नाहीत. आणि गटाकडे घरदुरुस्तीचा अर्ज आला, तर एकदा घर पाहून या.