नापास झालेल्या मुलाचे दोन महिने
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)





गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण नुकताच पाहिला. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. मला मात्र आज ज्यांचे नाव या व्यासपीठावरून पुकारले गेले नाही, त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

१९८९ सालची गोष्ट. मी सातवीचा वर्गशिक्षक होतो. वर्गातली एक मुलगी गणितात नऊ गुणांनी नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत ती चांगल्या गुणांनी पास होती. वडील कुवेतला. त्यांचे पत्र आले की नापास झाली आहे तर आता पुरे, घरी शिवणकाम शिकू दे. तिची आई दाखला मागायला आली, आणि मी एक शब्दही न बोलता दाखल्यावर शेरा लिहून दिला. नऊ गुण म्हणजे काय, ते किती दिवसांच्या मेहनतीचे काम आहे, हे त्या माउलीला सांगणारे त्या शाळेत माझ्याशिवाय कोणी नव्हते. मी सांगितले नाही.

तेव्हा मला कोणी विचारले असते की असे का केले, तर मी म्हणालो असतो, तसा नियम नव्हता. आज नियम आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

१ एप्रिल २०१० पासून बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला. त्यात आठवीपर्यंत कोणाही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही, असे ठरले. हेतू चांगला होता. नापास झाले की शाळा सुटते, आणि मुलींची तर आधी सुटते, हे आपल्याहून कोणाला जास्त ठाऊक आहे? पण परीक्षा नाही म्हणजे अभ्यास नाही, असा सोयीस्कर अर्थ आपण पालकांनी काढला आणि काही शिक्षकांनीही काढला. वास्तविक त्याच कायद्यात शिक्षकाचे कर्तव्य लिहिले आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहावी, गरज असेल त्याला जादा शिकवावे, आणि पालकांच्या सभा घेऊन प्रगती कळवावी. शिक्षकाने खाजगी शिकवणी करू नये, हेही त्यातच आहे. ‘ढकलपास’ हा शब्द घरोघर पोचला, जादा शिकवण्याचे कलम मात्र कोणाच्या कानी गेले नाही.

पुढे २०१९ साली कायदा दुरुस्त झाला. पाचवी आणि आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा घ्यावी, नापास होणाऱ्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यावे, निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी, आणि त्यातही तो उतरला नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे सरकारने ठरवावे, असे त्यात आले. आपल्या राज्याने २०२३ मध्ये मागे ठेवण्याच्या बाजूने निर्णय घेतला. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा, आठवीला ६० गुणांचा, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ते कलम तसेच कायम आहे. मागे राहिलेले मूल शाळेचेच असते.

आता या दोन महिन्यांकडे पाहा. निकाल साधारण मेच्या तोंडावर लागतो. म्हणजे हे दोन महिने कोणते? लग्नसराईचे, आंब्याचे, गल्फहून वडील रजेवर येण्याचे! शिक्षक सुट्टीवर गावी, मूल मामूकडे, आणि प्रगतिपुस्तक कपाटात. फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेतून निरोप जातो, मूल येते, तोच पेपर पुन्हा तसाच कोरा देते. मग आपण म्हणतो, नशीब. मुलाच्या नशिबाचा यात काय संबंध, मला तरी समजत नाही.

जादा मार्गदर्शन म्हणजे तोच धडा मोठ्या आवाजात पुन्हा वाचणे नव्हे. एक उदाहरण देतो. पाचवीतल्या एका मुलाला मी ४०२ मधून १६७ वजा करायला सांगितले. त्याने उत्तर लिहिले ३६५. वर्षाचे दिवस! सगळे हसले, तोही हसला. पण नीट पाहा, त्याने काय केले होते? प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता, वरचा कोणता आणि खालचा कोणता हे न पाहता. म्हणजे त्याला वजाबाकी येत होती, हातचा घेणे येत नव्हते, आणि मधल्या शून्याशी तर त्याची ओळखच नव्हती. ही अडचण पाचवीची नाही, तिसरीची आहे. त्याला पाचवीचा भागाकार शंभर वेळा शिकवला तरी उपयोग शून्य. काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे बांधून आणि सोडून दाखवले, तेव्हा आठवड्याभरात त्याने २३५ उत्तर काढले.

आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलांची आणखी एक अडचण असते. घरी कोकणी बोलायची, बाजारात मराठी, आणि पुस्तकात ‘तफरीक’ आणि ‘तकसीम’. कित्येकदा मुलाला गणित येत असते, प्रश्न कळलेला नसतो. त्याला प्रश्न घरच्या बोलीत सांगून पाहा. उत्तर आले, तर कमी कुठे आहे ते तुम्हाला कळेल. यासाठी आईने शाळा शिकलेली असण्याची गरज नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलतो, पदाधिकाऱ्यांनी रागावू नये. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही, असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. निकाल कसाही लागो, ते वकिलांचे काम. आपला कारभार आपल्या हाती राहावा म्हणून मिळालेली ती सवलत आहे. जादा वर्ग न घेण्यासाठी जर आपण तिचा आडोसा केला, तर जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतल्या मुलाला जे कायद्याने मिळते ते आपल्या मुलाला आपल्याच शाळेत मिळणार नाही.

दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी थोडेसेच. सहा विषयांपैकी चांगल्या पाच विषयांवर टक्केवारी निघते हे खरे, पण म्हणून सहावा विषय सोडून देता येत नाही, त्यातही उत्तीर्ण व्हावेच लागते. ही गैरसमजूत दरवर्षी कोणाला तरी भोवते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये होई, ती २०१५ पासून जुलैमध्ये घेण्यास सुरुवात झाली. गुणांविषयी शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. मुदत थोडी असते, तेवढी पाहा. आणि मुलींच्या वडिलांना माझी विनंती आहे की निकालाच्या संध्याकाळी कोणताही निर्णय घेऊ नका. गुणपत्रिका घेऊन आधी शाळेत या.

या वर्षी संस्थेने मे महिन्यात सकाळी आठ ते दहा एक खोली उघडी ठेवण्याचे मान्य केले आहे. निवृत्त असल्याने मला सुट्टी अशी नसतेच, मी तिथे बसणार आहे. प्रगतिपुस्तक आणि मुलाची वार्षिकची वही, दोन्ही बरोबर आणा. वही विशेषकरून, कारण किती गुण कमी पडले ते प्रगतिपुस्तकातून समजते, पण ते कुठे कमी पडले हे वहीत पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.