परासियाचा कोळसा, परासियाचा मोह

आज पहाटे छिंदवाड्याच्या रानात मोह गळला असेल. उद्याही गळेल. चैत्रातले थोडेच दिवस हे चालते, म्हणून मी व्याख्यानमालेच्या चालकांना म्हटले, माझा विषय याच आठवड्यात ठेवा.

आपल्या भोपाळवरून पेंचव्हॅली एक्स्प्रेस जाते. सौंसरकडे सोयरीक असलेल्यांना ती चांगली ठाऊक आहे. बैतूल, आमला मागे पडले की गाडी सातपुड्याच्या घाटवळणांत शिरते. मग जुन्नारदेव येते, आणि छिंदवाड्याच्या अलीकडे कोळसाखाणींचा परासिया. मी आजवर परासियावरून कितीदा तरी गेलो, पण उतरलो कधीच नाही. उतरावेसे वाटले ते ऑस्ट्रेलियात.

मुलीकडे सिडनीला गेलो होतो. सुट्टीच्या दिवशी तिने हंटर खोऱ्यात नेले. सेसनॉक नावाचे गाव. एकेकाळी निव्वळ कोळशाचे. आज तिथून पोकोलबिनच्या द्राक्षमळ्यांकडे वाट जाते आणि लोक वाइन चाखायला येतात. द्राक्षवेली त्या खोऱ्यात 1830च्या सुमारासच लागल्या होत्या. म्हणजे वर वेल आणि खाली कोळसा हा शेजार जुना. मळ्यांच्या शेजारीच रॉथबरी आहे. 1929 साली मजुरीत कपात करण्यासाठी मालकांनी त्या खोऱ्यातल्या खाणींना टाळे ठोकले, ते पंधरा महिने निघाले नाही. 16 डिसेंबर 1929 रोजी रॉथबरीला पोलिसांच्या गोळीने नॉर्मन ब्राउन हा तरुण खाणकामगार मेला. मळ्यातल्या टेबलापाशी पेला हातात धरून मी उभा होतो, आणि मनात आले, आपला परासिया आता कसा असेल?

हे केवळ मनाचे खेळ नव्हेत. हंटरचा कोळसा आणि परासियाच्या पेंच खोऱ्यातला कोळसा एकाच काळातले, पर्मियन युगातले आहेत. ऑस्ट्रेलिया आणि भारत तेव्हा एका अखंड भूखंडाचे भाग होते. ग्लॉसोप्टेरिस या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे दोन्हीकडच्या दगडांत सापडतात. त्या भूखंडाला जगभर गोंडवन म्हणतात, आणि ते नाव आपल्याच सातपुड्यातल्या गोंडांच्या मुलखावरून पडले. साऱ्या जगाच्या भूगोलाला ज्यांच्या मुलखाने नाव दिले, त्या गोंडांना त्यांच्याच मुलखात काय मिळाले, हा प्रश्न घेऊन मी परासियाला उतरलो.

परासियाजवळच्या चांदामेटाला सौंसरकडचे एक निवृत्त लोडर काका भेटले. घरात मराठी, खाणीत हिंदी, असे आयुष्य गेलेले. ते मला बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी घेऊन गेले. तोंड विटांनी बुजवलेले, वर घाणेरीची झुडपे. जवळची क्वार्टर्स निम्मी ओस. इथे कोणी खाण म्हणत नाही, कोलरी म्हणतात. कोळसा काढून घेतल्यावर मागे राहिलेल्या पोकळीला गोफ म्हणतात. काका म्हणाले, ‘‘छत बसायच्या आधी बोलतं. आम्ही ते ऐकायचो.’’ एवढेच बोलून ते पुढे चालू लागले. मी बराच वेळ तिथेच थांबलो.

इथून जवळच न्यूटन चिखली आहे. 10 डिसेंबर 1954 रोजी तिथल्या खाणीत पाणी घुसले आणि 63 माणसे गेली. छत बोलते, ते ऐकता येते. पाण्याचे काय ऐकणार? भोपाळच्या माणसाला डिसेंबर महिना वेगळ्या कारणाने, वायुकांडामुळे, बोचतो. पण आपल्याच राज्यातल्या या 63 जणांचा उल्लेख भोपाळच्या एकाही सभेत मी ऐकलेला नाही. आज तो व्हावा म्हणून करतो आहे.

पेंच व्हॅली कोल कंपनीचा कारभार कलकत्त्याची शॉ वॉलेस पाहत असे. 1973 साली राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे या खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. नोकरी पक्की झाली, पगार वाढला, हे काकांनी कृतज्ञतेने सांगितले आणि मी ते तसेच तुमच्यापर्यंत पोचवतो. आजही काही खाणी चालू आहेत, पण पोरे नागपूर-पुण्याची वाट धरतात. राहता राहिले शॉ वॉलेस. पुढच्या पिढीने हे नाव कोळशासाठी ऐकलेच नाही, दारूच्या बाटलीवर वाचले.

आणि त्याच रानातली मोहाची दारू मात्र गुन्हा!

मोहाचे फूल उमलते रात्री आणि गळते पहाटे. दिवस उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. आधी पाला झाडून, कधी जाळून, जमीन साफ केलेली असते. मेणचट, पिवळसर, रसाने भरलेले फूल. वाळले की मनुकेसारखे होते, आणि त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. ते भाकरीबरोबर खातात, गुरांना घालतात, दुष्काळात त्यावर माणसे जगली आहेत. बियांच्या तेलाला इकडे गुल्लीचे तेल म्हणतात. दारू हा त्याचा एक उपयोग, पण सरकारला दिसला तो तेवढाच. मुंबई इलाख्यात 1892 साली खास मोहासाठी कायदा झाला, तो फुलांवरच बंधने घालणारा होता. आपल्या राज्यात आदिवासींना घरापुरती गाळायची मुभा आहे, विकायची नाही.

अलीकडे वारा बदलला आहे. 2022पासून मध्य प्रदेशात मोहाच्या दारूला हेरिटेज मद्य म्हणून मान्यता देण्याचे धोरण आले. आदिवासींच्या स्वयंसाहाय्य गटांनी ती गाळायची, असे ठरले. आलीराजपूर आणि डिंडोरीत सुरुवात झाली. आलीराजपूरची ‘मोंड’ आणि डिंडोरीची ‘मोहुलो’ अशा बाटल्या निघाल्या. मी या धोरणाच्या बाजूने आहे, अगदी मनापासून. दारूने संसार मोडतात हे मला ठाऊक आहे, त्यात बाईचा जीव आधी जातो हेही. पण झाड त्यांचे, हात त्यांचे, विद्या त्यांची आणि परवाना तिसऱ्याचा, हे आता पुरे. उद्या या धंद्यात पैसा दिसला की मोठे कारखानदार दार ठोठावतील. त्या दिवशी गटांचा हा हक्क टिकला पाहिजे. कोळशाच्या वेळी गोंडांना कोणी विचारले नव्हते.

परतीच्या दिवशी बाजारात एका बाईने सुकवलेला मोह मांडला होता. मी पावशेर मागितला. तिने विचारले, ‘‘दादा, खाओगे कि उतारोगे?’’ खाणार आहे म्हटल्यावर तिने मूठभर वर घातला आणि कढईत कोरडा भाजून तीळ घालायचे, असे सांगितले. घरी तसेच केले. त्यातला थोडा न भाजलेला ठेवला आहे. या टेबलावर पुरचुंडी आहे, शेजारी काकांनी दिलेला पानाचा ठसा असलेला दगड आहे. जाताना दोन्ही हातात घेऊन पाहा. दगड जरा जपून, कडेने झडतो आहे.